अर्कानला टायफॉइड झाला तेव्हा

आमच्या शाळेच्या वाचनालयात मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पुस्तक मागायला किती मुलं आली आणि फोन चार्ज करायला किती, याचा विचार करायला बसले तर मलाच रडू येईल. मी ओरडते, प्लग उपटते, "ही वीज तुमच्या बापाची आहे का?" म्हणून विचारते. मुलं हसत पांगतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. तोंडावर मला इबू म्हणतात, म्हणजे बाई; माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वेनिंगसुद्धा पहिल्यांदा प्लगसाठीच आली. अकरावीत होती तेव्हा. फोन लावला आणि शेजारी बसून वहीत काहीतरी खरडायला लागली. मला वाटलं, कुणाचातरी गृहपाठ उतरवतेय. मी मागून जाऊन वही ओढली. एका मुलाची आई परदेशी कामाला निघालीय आणि तो सहा वर्षांचा मुलगा तिने भरलेली बॅग परत परत रिकामी करतोय, असं काहीतरी होतं. जेमतेम दीड पान. मी ते उभ्याउभ्या वाचलं, वही परत दिली आणि म्हटलं, "खोडरबराचा कचरा उचल आधी." पोरींसमोर रडायची मला सवय नाही.

तिची आई नऊ वर्षं तैवानमध्ये एका म्हातारीची शुश्रूषा करत होती. आमच्या तेमांगुंगच्या डोंगरउतारावर प्रत्येक गल्लीत अशी एक तरी आई आहे, त्यामुळे त्याचं कुणी विशेष वाटून घेत नाही. वेनिंग सहा वर्षांची असताना ती गेली आणि पंधरा वर्षांची झाल्यावर परत आली. घराला फरशी आली, मोटारसायकल आली, बापाच्या तंबाखूच्या शेतावर पत्र्याची शेड आली. पण आई वाढते आणि मुलगी "पुरे" म्हणते, एवढंच त्या घरातलं बोलणं. हे वेनिंगने मला सांगितलं तेही कपाटात पुस्तकं लावता लावता, माझ्याकडे पाठ करून.

बारावीत येईपर्यंत तिची गोष्ट फोनवरच्या एका अ‍ॅपवर चालू झाली होती. दर शुक्रवारी एक प्रकरण. टोपणनाव 'सेंजा केलाबू', म्हणजे करडी सांज. शाळेत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तो बॅग रिकामी करणारा मुलगा आता मोठा होऊन नायक झाला होता, नाव अर्कान महेस्वारा.

मी म्हटलं, "अगं, आपल्या अख्ख्या जिल्ह्यात या नावाचा एक तरी पोरगा आहे का? तंबाखू खुडणाऱ्याच्या घरात अर्कान?"

"इबू, स्लामेत नावाच्या नायकावर कोण जीव टाकेल?"

माझ्या नवऱ्याचं नाव स्लामेत आहे.

ऑगस्टमध्ये जोग्जा शहरातल्या एका प्रकाशकाचा निरोप आला. पुस्तक काढायचंय म्हणे. ती अठराची नव्हती म्हणून करारावर बापाने सही केली, शेतातून आल्या आल्या, हातही न धुता. चाळीस प्रकरणं पाच डिसेंबरपर्यंत द्यायची आणि त्याआधी दहा हजार फॉलोअर करायचे. प्रकाशकाकडे हिचं काम बघणारी रेतनो नावाची एक तरुण बाई होती. तिथे लिहिणाऱ्या सगळ्या मुली तिला म्बाक म्हणायच्या, म्हणजे ताई. या म्बाक रेतनोने आणखी एक काम लावलं. अर्कानचं स्वतःचं खातं हवं. त्याने वाचकांशी बोललं पाहिजे, सकाळी "जेवलात का?" विचारलं पाहिजे, रुसलं पाहिजे. त्याच्या मैत्रिणीचंही खातं हवं, म्हणजे दोघांची भांडणं लोकांना बघता येतील.

"म्बाक, मग मी लिहू कधी?" वेनिंगने विचारलं.

"अगं, लिहिणं काय, ते तर होतंच," म्बाक रेतनो म्हणाली.

हे वाक्य मला अजून टोचतं. लिहिणं होतंच! भात आपोआप शिजतो, कपडे आपोआप धुतले जातात, तसं लिहिणंही होतंच.

आमच्या शाळेत सकाळी सात वाजता फोन काढून घेतात. फळ्याशेजारी कप्प्याकप्प्यांचं एक कापड टांगलेलं असतं, ज्याचा त्याचा नंबर घातलेलं. फोन मिळतो तो बारा वाजता, नमाज आणि जेवणाच्या पाऊण तासाच्या सुट्टीत, आणि मग घरी जाताना. तर या पाऊण तासात वेनिंगला नमाज पढायची असे, मक्याचा भात घशाखाली ढकलायचा असे आणि चार खाती सांभाळायची असत. स्वतःचं, करड्या सांजेचं, अर्कानचं आणि त्याच्या मैत्रिणीचं. एका हातात तळलेलं तेंपे, म्हणजे सोयाबीनची वडी, दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर. वाचक विचारायचे, "अर्कान, तू रोज सात ते बारा कुठे गायब असतोस? दुसरी कुणी आहे का?" आणि ही बिचारी अर्कानच्या वतीने शपथा घ्यायची. एकदा तिने त्या दोघांचं भांडण लावलं आणि दोन्हीकडून टाइप करता करता स्वतःच मुसमुसायला लागली. मी म्हटलं, "वेड लागलंय तुला." ती म्हणाली, "इबू, ती फार लागेल असं बोलली त्याला." ती म्हणजे कोण, तर हीच!

शाळेचं वेगळंच. बारावीचं पहिलं सत्र म्हणजे प्रगतिपुस्तकातलं शेवटचं मोजलं जाणारं सत्र. त्यानंतर शाळेतल्या वरच्या चाळीस टक्के मुलांची यादी लागते. यादीत नाव असलं तरच परीक्षा न देता विद्यापीठात अर्ज करता येतो. वेनिंगचं नाव बरोबर उंबरठ्यावर होतं. गणितात दोन गुण इकडे तिकडे झाले की बाहेर.

या सगळ्यात तिचा जीव अडकला होता एकाच जागी. शेवटच्या प्रकरणात. अर्कान विमानतळावर उभा आहे आणि इतक्या वर्षांनी त्याची आई बाहेर येतेय. तिथपर्यंत सगळं तिच्या डोक्यात होतं. पुढे गाडी हलत नव्हती. तिने तो प्रसंग अकरा वेळा लिहिला आणि अकरा वेळा फाडला. मी मोजलेत, कारण कचऱ्याची टोपली माझीच होती.

"तो तिला माफ करतो की नाही, तेच मला कळत नाही, इबू. करायला लावते तर खोटं वाटतं. नाही करायला लावत तर झोप येत नाही. मला जरा वेळ हवाय. कुणी फोन करणार नाही, काही विचारणार नाही, असा."

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "आधी गणित कर."

आणि मग नोव्हेंबरच्या शेवटी तिला युक्ती सुचली. आमच्याकडे माणूस दमला की त्याला टायफॉइड होतो. डॉक्टर काहीही सांगो, शेजारीपाजारी टायफॉइड ठरवून मोकळे होतात. तर तिने अर्कानला टायफॉइड केला. एकतिसाव्या प्रकरणात तो शाळेच्या गेटसमोर चक्कर येऊन पडला, दवाखान्यात गेला आणि नर्सने त्याचा फोन काढून घेतला. म्हणजे कुणाला उत्तरं द्यायला नकोत, परीक्षा देता येईल, लिहिताही येईल. मला युक्ती इतकी पसंत पडली की मीच म्हटलं, "दोन आठवडे कशाला, चांगले तीन आठवडे ठेव त्याला तिथे."

आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही की आजारी माणसाला भेटायला जातात. आमच्या देशात कुणी आजारी आहे म्हटल्यावर लोक हात हलवत घरी बसत नाहीत. आणि तिने गोष्टीत शाळेचं गेट जसंच्या तसं उतरवलं होतं, दोन बाजूंना सिमेंटची तंबाखूची पानं असलेलं. तसं गेट जगात दुसरं नाही, कारण इतकं कुरूप गेट दुसऱ्या कुणी बांधलंच नसतं. वाचकांनी दोन दिवसांत शाळा हुडकून काढली.

गुरुवारी संत्र्यांची करंडी आली. शुक्रवारी बिस्किटांचे सात डबे, दूध आणि टायफॉइडवर देतात त्या गांडुळांच्या कॅप्सूल. सगळ्यावर पत्ता एकच: अर्कान महेस्वारा, बारावी तीन. कारकुनाने पटावर नाव शोधून शोधून शेवटी बिस्किटं खाल्ली. आणि सोमवारी सकाळी गेटच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे फुलांचे फलक उभे! "लवकर बरा हो अर्कान. सेमारांगच्या वाचकांकडून." दुसरा मागेलांगचा, तिसरा कुणी आणला देव जाणे.

आता आमच्याकडे गेटवर फुलांचे फलक लागतात ते लग्नाला, उद्घाटनाला नाहीतर मौतीला. शाळेत लग्न नाही, उद्घाटन नाही. चालत्या गाडीतून फलक कोण नीट वाचतो? सकाळी साडेसहाला एक निवृत्त गुरुजी काळी टोपी घालून आले आणि मुख्याध्यापक पाक दार्सोनो, म्हणजे दार्सोनो सर, यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "अल्लाची मर्जी. किती वर्षांचा होता?" पाक दार्सोनो म्हणाले, "कोण?" गुरुजी म्हणाले, "धीर धरा."

ध्वजवंदनाला पाक दार्सोनो लालबुंद होऊन माइकसमोर उभे राहिले.

"हा अर्कान कोण आहे? आत्ताच्या आत्ता पुढे या!"

मुलींच्या रांगांमधून खसखस पिकली. निम्म्या शाळेला अर्कान माहीत होता, फक्त त्याचा जन्म बारावी तीनमध्ये झालाय हे माहीत नव्हतं. आणि बारावी तीनच्या तिसऱ्या रांगेतून वेनिंग पुढे आली. एवढीशी पोर, टोपी कानावर आलेली.

"पाक, अर्कान मीच आहे."

तिच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं, त्यावर आईबापाची सही मागितली. पण दुपारपर्यंत कुणीतरी पाक दार्सोनोंना आकडा दाखवला. टायफॉइडच्या कृपेने अर्कानचे फॉलोअर सव्वीस हजारांवर गेले होते. लगेच माणूस बदलला. "न्दुक," म्हणाले, म्हणजे बाळ, लेकी, "तुझ्या त्या अर्कानला पुढच्या वर्षीच्या प्रवेशांबद्दल दोन शब्द बोलायला सांग की. आपल्या शाळेत प्रयोगशाळा किती छान आहे वगैरे." दवाखान्यातून, टायफॉइडमध्ये, प्रयोगशाळेचं कौतुक! वेनिंगने केलं. काय करणार? यादी तर त्यांच्याच सहीने लागणार होती.

म्बाक रेतनोचा संदेशही त्याच दिवशी आला. आता त्याला मारून टाक. एवढे लोक जमलेत, सगळे रडतील, पुस्तक हातोहात जाईल. "नाही मारणार," वेनिंगने कळवलं. "त्याला विमानतळावर जायचंय."

त्या आठवड्यात तिच्याकडे जो आला तो अर्कानसाठी आला. मैत्रिणींना त्याच्याकडून आवाजी निरोप हवे होते. शिकवणाऱ्या एका बाईंना भाचीसाठी सही हवी होती. "पुढचं प्रकरण कुठवर आलं?" असं एकाही माणसाने विचारलं नाही. मीही नाही. मी विचारत होते, "गणित कुठवर आलं?"

गणिताचा पेपर बुधवारी होता, तीन डिसेंबरला. बारावी तीनवर देखरेखीला मी. सातला दोन मिनिटं कमी असताना सगळ्यांचे फोन कापडात गेले होते, एक कप्पा रिकामा होता. वेनिंग दारात फोन धरून उभी, चेहरा पांढराफटक.

"वेनिंग, फोन."

"इबू, एकच मिनिट. म्बाक रेतनोचा संदेश आहे. आत्ताच उत्तर हवंय तिला."

"पेपर आहे बाई आज. ठेव तो."

"इबू, ती म्हणतेय..."

"ती काय म्हणते ते मला ऐकायचं नाही! ठेव आधी तो फोन!"

तिने अंगठ्याने काहीतरी टाइप केलं, दोनच शब्द, आणि फोन कप्प्यात टाकला. मी दार लावलं. मला वाटलं, मी तिचं भलं केलं. खरंच वाटलं.

पेपर झाल्यावर तिने मला संदेश दाखवला. छापखाना ठरलाय, शुक्रवारपासून आगाऊ मागणी घ्यायचीय, तुझी नऊ प्रकरणं नाहीत. आमच्याकडे एक मुलगी आहे, तुझ्यासारखंच लिहिते, ती आठवड्यात पुरं करेल. तू खाती सांभाळ, ते तुला सुरेख जमतं. हो की नाही ते आत्ता सांग. आणि खाली हिचं उत्तर: "हो म्बाक."

"अगं, नाही म्हणायचंस!"

"नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. तेवढा वेळ कुठे होता?" ती मला टोमणा मारत नव्हती. तिने जे होतं ते सांगितलं, म्हणून मला जास्त झोंबलं.

शनिवारी मी स्वतः म्बाक रेतनोला फोन केला. मी तिची मावशी बोलतेय, असं सांगितलं. मुलीची चूक झाली, तिला एक महिना द्या, म्हटलं. म्बाक रेतनो फार गोड बोलली. करारात तशी अट आहे, वडिलांची सही आहे, मुलीचा होकार आहे. "आणि इबू, तिच्यावर ताण नको ना आता. किती गुणी मुलगी आहे! खाती काय सांभाळते!" मी फोन आपटला. दोन मिनिटं उशिरा पेपर सुरू झाला असता तर आभाळ कोसळणार होतं का? हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते.

जानेवारीत यादी लागली. वेनिंगचं नाव शेवटून तिसरं. मार्चमध्ये पुस्तक आलं. गेटवर कापडी फलक लागला, "आमच्या शाळेची लेखिका", आणि त्यावर वेनिंगपेक्षा पाक दार्सोनोंचा फोटो मोठा. वाचनालयाला वीस प्रती भेट मिळाल्या आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर पुस्तकासाठी रांग लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी सगळ्यांवर खेकसत होते. वेनिंग त्या पुस्तकाला हात लावत नव्हती. तिच्या प्रती घरी आल्या होत्या, त्या आईने नातेवाइकांत वाटल्या, एक स्वतःपाशी ठेवली.

आठवडाभराने शाळा सुटल्यावर ती आली. वही नव्हती, फोन नव्हता.

"इबू, ते पुस्तक द्या."

"कुठलं?"

"माझं. शेवटचं प्रकरण बघायचंय."

मी काही विचारायच्या आत तिनेच सांगितलं. सकाळी ती निघायच्या तयारीत असताना आई मागून आली. डोळे सुजलेले, हातात पुस्तक. नऊ वर्षं जिने हिला अंगावरून हात फिरवून झोपवलं नाही, त्या आईने हिला घट्ट धरलं. किती वेळ सोडलंच नाही. "'तू मला असं सगळं सांगशील असं वाटलं नव्हतं,' म्हणाली. 'मला वाटायचं, तू कधीच...' इबू, मी काय सांगितलंय तिला? दाखवा ना."

मी प्रत काढून दिली. ती कपाटाला टेकून उभ्यानेच वाचत होती, सावकाश, एखाद्या परक्याचं पत्र वाचावं तशी. पानं सहाच होती.

"माफ करतो तो," ती म्हणाली. "आई दारातून येते, हा तिच्याकडे धावत जातो आणि म्हणतो, तू माझ्यासाठीच गेली होतीस, मला कळलं होतं. एका परिच्छेदात."

"बरं लिहिलंय?"

"बरं लिहिलंय. मला एवढ्यात जमलं नसतं." तिने पुस्तक मिटून माझ्या टेबलावर ठेवलं. "आता मी तिला काय सांगू, इबू? हे मी लिहिलेलं नाही म्हणून सांगू?"

एकोणीस वर्षं पोरींना उत्तरं देत आलेली बाई मी, ते पुस्तक उचलून परत कपाटात लावायला लागले.

तिने दप्तर उचललं. गेटबाहेर तिची आई मोटारसायकल घेऊन थांबली होती. शाळेतून न्यायला ती आजवर कधी आली नव्हती. मी खिडकीतून बघत होते. आईने सीटखालून दुसरं हेल्मेट काढलं, स्वतःच्या हाताने वेनिंगच्या डोक्यावर बसवलं आणि लहान मुलाचा बांधावा तसा हनुवटीखालचा पट्टा बांधायला लागली. बक्कल लागत नव्हतं, ती परत परत लावून बघत होती. वेनिंगला ते एका झटक्यात लावता आलं असतं. पण ती हनुवटी वर करून, डोळे मिटून, आईचं होईपर्यंत तशीच उभी राहिली.